पाच साईटी, आठवड्याला सात तास: आधी कशाला हात घालू?

रात्रपाळी | १३ जुलै २०२५, रात्री ११:५२

मंडळी, इथे बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

नोकरी हिंजवडीत, घर चिंचवडला. रोजचे दीड-दोन तास रस्त्यावर जातात. मुलगी चार वर्षांची आहे, तिची गोष्ट संपून ती झोपेपर्यंत पावणेदहा होतात. मग लॅपटॉप उघडायचा. ठरवतो आठवड्याला दहा तास, हाती लागतात सात. तेवढ्यात या पाच साईटी बघायच्या:

पहिली आईच्या पाककृतींची. २०१७ पासून आहे, अडीचशेच्या आसपास पाककृती. गेल्या आर्थिक वर्षात जाहिरातींचे ६१ हजार आले, त्यातले निम्म्याहून जास्त गणपती ते दिवाळी या काळात.

दुसरी गडकिल्ल्यांची, माझी लाडकी. कॉलेजपासूनची भटकंती, फोटो, पायथ्याच्या गावाला कसं पोचायचं वगैरे. ११ हजार.

तिसरी पिंपरी-चिंचवडमधल्या कारागिरांची यादी. प्लंबर, गॅस शेगडी दुरुस्ती, शिलाई मशीनवाले. दोन वर्षं खपून उभी केली. गेल्या वर्षी ९०० रुपये. हो, नऊशेच.

चौथी दापोलीकडच्या एका होमस्टेची. ही माझी नाही, गिऱ्हाइकाची. वर्षाला १२ हजार देतात.

अजून एक छोटी आहे, गुंठ्याचे चौरस फूट, एकर वगैरे करून देणारी. एकच पान. तिचं विशेष काही नाही, ३४ हजार येतात.

होस्टिंग (साईट ठेवायची जागा), डोमेन (साईटचं नाव) सगळं धरून वर्षाला सोळा हजार खर्च.

आता अडचण. परवा शुक्रवारी आपले किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले आणि गडांच्या साईटवर एका दिवसात महिन्याभराचे वाचक आले. काल आणि आज सगळा वेळ त्यावर लेख लिहिण्यात घालवला. तिकडे २७ ऑगस्टला गणपती, म्हणजे मोदकाच्या पानाला जेमतेम सहा आठवडे. पाककृतींच्या साईटची थीम, म्हणजे सगळं रूपडं, बदलायला घेतली होती, ती अर्धी झालीय, मोबाईलवर मेनू तुटलेला दिसतो. होमस्टेवाल्या काकांचे आज तीन फोन. बायको म्हणते एक धड कर. पण कुठलं एक?

-

सदानकदा | १४ जुलै, सकाळी ७:१०

सोपा हिशेब. एक लाख १८ हजार ९०० आले, सोळा हजार गेले. उरले एक लाख दोन हजार ९००. आठवड्याला सात म्हणजे वर्षाला ३६४ तास. तासाला २८३ रुपये पडले.

एवढ्यात चिंचवडला दिवाळीचे आकाशकंदील विकलेत तर जास्त सुटतील, झोपही मिळेल. राग मानू नये.

-

बेळगावी कुंदा | १४ जुलै, सकाळी ७:३४

सदानकदा, कंदिलाचा धंदा कुणी केलाय का तुमच्यात? आमच्या मामांनी केला होता. अजून माळ्यावर दोनशे आहेत.

-

न्यू जर्सीकर | १४ जुलै, सकाळी ८:०२

२८३ ही सरासरी आहे, आणि सरासरीत सगळं झाकलं जातं. पाच जणांचं एकत्र कुटुंब असेल तर कमावतं कोण आणि खातं कोण ते वेगळं बघायला नको का?

रात्रपाळी, तुम्ही ३४ हजारांच्या साईटला 'विशेष काही नाही' म्हणालात, तिथे मी थांबलो. तिच्यावर वर्षात किती तास गेले?

-

रात्रपाळी | १४ जुलै, दुपारी १:२०

२०२१ मध्ये दोन रविवारी बसून केली होती. सासऱ्यांच्या गावाकडच्या जमिनीची वाटणी चालली होती, तेव्हा दर वेळी फोन करून 'एवढ्या आरचे किती गुंठे' विचारायचे. म्हणून त्यांच्यासाठी बनवली. नंतर हात लावलेला नाही. खरं सांगायचं तर पासवर्ड शोधावा लागेल.

-

न्यू जर्सीकर | १४ जुलै, संध्याकाळी ५:४५

म्हणजे शून्य तासात ३४ हजार. आणि तिला तुम्ही पंगतीत शेवटी बसवलंत.

एक काम करा. दोन आठवडे काहीही ठरवू नका, फक्त लिहून ठेवा. लॅपटॉप उघडलात की वेळ, बंद केलात की वेळ, मध्ये काय केलं ते एका ओळीत. वहीतच लिहा, ॲपच्या नादी लागू नका, नाहीतर कुठलं ॲप चांगलं यात चार तास जातील. मी स्वतः हे २०१९ मध्ये केलं तेव्हा कळलं की माझा निम्मा वेळ आकडे बघण्यात जात होता. बघून आकडा वाढत नाही.

-

घाटवाट | १४ जुलै, रात्री ९:१५

पैशाच्या मोजपट्टीवर गडांची साईट टाकू नका एवढीच विनंती. मी ती वाचलेली आहे (कुठली ते सांगत नाही, तुमचं नाव उघड व्हायचं). साल्हेरच्या पायथ्याला मुक्कामाची सोय तुमच्याकडे वाचून केली होती.

पण एक चूक दाखवतो. कालच्या लेखात तुम्ही 'महाराष्ट्रातले १२ किल्ले' लिहिलंय. महाराष्ट्रातले ११ आहेत, बारावा जिंजी, तो तामिळनाडूत. बाकीचे साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. दोन दिवसांत घाईने लिहिलं की असं होतं.

आणि बातमी द्यायला सगळी वर्तमानपत्रं बसली आहेत, तिथे सर्चमध्ये तुम्ही चौदाव्या पानावर. तुमच्याकडे जे आहे ते त्यांच्याकडे नाही. खांदेरीला थळवरून होडी कधी मिळते, पावसात का मिळत नाही, साल्हेरवाडीत शेवटची एसटी किती वाजता. यादी वाचून झाली की लोक आठ दिवसांनी हेच शोधणार.

-

रात्रपाळी | १४ जुलै, रात्री १०:३०

जिंजीचं आत्ताच दुरुस्त केलं. लाज वाटली. कमेंटमध्ये 'सिंहगड का नाही' म्हणून पंचवीस जण भांडतायत, त्यांना उत्तरं देण्यात काल रात्रीचा एक वाजला.

-

ताकभात | १५ जुलै, दुपारी २:४०

मी नाशिकहून पाककृतींची साईट चालवते, नऊ वर्षं झाली. मुलं शाळेत असतात तेवढाच वेळ, दुपारी दोन ते चार. त्यामुळे तुमचं दुखणं ओळखीचं आहे.

पहिलं म्हणजे थीम. जुनी परत लावा. आजच. मोबाईलवर मेनू तुटलेला असताना तुम्ही किल्ल्यांवर भांडताय? पाककृती वाचणारी बाई एका हाताला पीठ लागलेलं असताना दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने पान सरकवते. तिला तुमचा नवा रंग दिसत नाही, मेनू उघडला नाही तेवढं मात्र दिसतं. नवी थीम होळीनंतर. तेव्हा कुत्रंही फिरकत नाही साईटवर.

दुसरं, सणाचं काम सणात होत नाही. मोदक जुलैत, चकली-अनारसे सप्टेंबरात, तिळगूळ नोव्हेंबर संपताना. पान सुधारलं की ते सर्चमध्ये रुजायला दिवस लागतात. हरतालिकेला बसून मोदक लिहाल तर तो पुढच्या वर्षीचा मोदक. आणि पानाच्या पत्त्यात (यूआरएलमध्ये) तारीख, साल काही घालू नका. गणपती २०२३ ला १९ सप्टेंबरला होते, २०२४ ला ७ सप्टेंबरला, यंदा २७ ऑगस्टला. दरवर्षी नवं पान करणारे लोक दरवर्षी शून्यापासून सुरू करतात. एकच पान ठेवायचं, त्यालाच मुरवायचं.

तिसरं काम वीस मिनिटांचं आहे. गूगलचं सर्च कन्सोल उघडा, लोक काय शोधून आले ते त्यात दिसतं. सोळा महिन्यांचे आकडे असतात, म्हणजे गेल्या वर्षीचा ऑगस्ट-सप्टेंबर अजून दिसतो. मोदकाच्या पानावर लोक कुठल्या शब्दांनी आले ते बघा. इथे लिहा, मग पुढचं बोलू.

-

रात्रपाळी | १५ जुलै, रात्री ११:०५

ताई, थीम परत जुनी केली. आठ मिनिटं लागली. तिच्यावर गेलेले तीन आठवडे मोजत नाही.

शब्द बघितले. 'उकडीचे मोदक' आहेच, पण त्यावर मी बाराव्या-तेराव्या क्रमांकाला. खालची यादी बघून गंमत वाटली. 'मोदक उकडताना फुटतात', 'उकड चिकट झाली तर काय करावे', 'मोदकाला चिरा का पडतात', 'पारी फाटते'. त्यावर मी तिसरा-चौथा आहे आणि माझ्या पानावर याबद्दल एकच ओळ आहे: 'उकड नीट मळावी.'

-

ताकभात | १६ जुलै, दुपारी २:१५

हेच! सर्चमध्ये वरच तयार उत्तर दिसायला लागल्यापासून 'एक वाटी पिठाला किती पाणी' असल्या प्रश्नांवरचे वाचक माझ्याकडेही आटले. पण जिचे मोदक फुटलेत, गुरुजी तासाभरात येणार आहेत, ती मात्र पान उघडून शेवटपर्यंत वाचते. तिच्यासाठी लिहा.

आईंना विचारा आणि त्यांच्या शब्दांत लिहा. पीठ आंबेमोहोराचं की मिक्स, जुन्या तांदळाचं पीठ पाणी जास्त पितं ते, उकड गरम असतानाच पाण्यातुपाच्या हाताने मळली नाही तर कशी कोरडी पडते आणि मग कळ्या पाडताना कडेला कशी चिरते. चाळणीत हळदीचं पान असलं की तळ चिकटत नाही हे. फोटो फुटलेल्या मोदकाचा टाका. सुंदर मोदकांचे फोटो हजारो आहेत, फुटलेल्याचा कुणी टाकत नाही.

दोन रात्रींचं काम आहे. बाकीच्या २४९ पाककृतींकडे नवरात्रापर्यंत ढुंकूनही बघू नका.

-

जुनाट | १६ जुलै, रात्री १०:५०

सगळे वाढवायचं बोलताय, मी पडझडीचं बोलतो.

गेल्या वर्षी ६ सप्टेंबर, हरतालिकेची सकाळ. बहिणीची पूजासाहित्य विकायची साईट मी बघतो. साडेसहाला तिचा फोन, 'दादा, साईटवर लाल पाटी येतेय, सुरक्षित नाही म्हणते.' साईट सुरक्षित असल्याचं ब्राउझरला दाखवणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपली होती. फुकटवालं, ९० दिवसांचं, एरवी आपोआप नवं होतं. मी जुलैत सर्व्हर बदलला तेव्हा साईट नेली, प्रमाणपत्र नेलं, पण ते नवं करणारं, ठरल्या वेळी आपोआप चालणारं क्रॉनचं काम जुन्याच सर्व्हरवर राहिलं. आठवणीच्या मेल यायच्या, त्या मी उघडतच नसलेल्या पत्त्यावर. दुरुस्तीला चाळीस मिनिटं लागली, कारण मी तेव्हा पनवेलच्या अलीकडे गाडी चालवत होतो आणि फोनवरून सर्व्हरमध्ये शिरलो. वर्षातली सगळ्यात मोठी सकाळ. बहीण काही बोलली नाही, ते जास्त लागलं.

तुम्ही लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेचं फुकट प्रमाणपत्र वापरत असाल तर या ४ जूनपासून त्यांनी मुदतीच्या मेल पाठवणंच बंद केलंय. आठवण आपली आपण लावायची.

म्हणून माझा नियम. महिन्याचा पहिला रविवार, एक तास, दुसरं काही नाही. प्लगिनचे (साईटला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांचे) अपडेट, पाचही डोमेनच्या तारखा, प्रमाणपत्र, आणि बॅकअप. बॅकअप घेतला म्हणून टिकमार्क करू नका, तो उघडून बघा. माझ्या एका ओळखीच्याचा आठ महिन्यांचा बॅकअप शून्य केबीचा निघाला. डोमेनची तारीख चुकली तर डॉट कॉमला थोडी सवलतीची मुदत मिळते, पुढचे तीस दिवस सोडवून घ्यायचा दंड भरायचा, त्यानंतर ते बाजारात. एवढ्या वर्षांचं नाव कुणी जुगारवाला घेऊन बसतो.

-

सदानकदा | १७ जुलै, सकाळी ७:०५

मी म्हटलं ना, कंदील.

-

मोजणी | १७ जुलै, सकाळी ११:३०

नमस्कार. मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त. संगणकातलं फार कळत नाही, पण गुंठ्याची साईट म्हणालात म्हणून सर्चमध्ये सापडलेल्या चार-पाच उघडून पाहिल्या. त्यातली एक तुमची असावी. त्यांपैकी दोन साईटी आर आणि गुंठा एकच धरतात.

ते एक नाही. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, सुमारे १०७६ चौरस फूट. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एकाला तेरा फुटांचा फरक, लोक म्हणतात चालायचंच. पण ४० आरला तो पाचशे चौरस फुटांवर जातो. तेवढ्यात चिंचवडला एक खोली-किचनचं घर बसतं. भावाभावांत वाटणी असेल तर पाचशे फुटांवरून कोर्टात गेलेले मी पाहिले आहेत.

दुसरं, सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं येतं. ०.४०.५० म्हणजे शून्य हेक्टर, ४० आर, ५० चौरस मीटर. एकूण ४०५० चौरस मीटर, म्हणजे ४० गुंठ्यांना किंचित वर, ढोबळ एक एकर. तुमच्या पानावर एकच चौकोन आहे. माणूस सातबारा हातात धरून बसलेला असतो, दोन टिंबांचा आकडा एका चौकोनात कसा घालायचा ते त्याला कळत नाही. तीन चौकोन द्या. आणि पोटखराब, म्हणजे लागवडीला न येणारं, क्षेत्र वेगळं लिहिलेलं असतं, ते एकूणात धरायचं की नाही यावर दोन ओळी लिहा. लोक सगळ्यात जास्त तेच विचारायला यायचे.

-

रात्रपाळी | १७ जुलै, रात्री १०:१५

मोजणी काका, त्या दोनांतली एक माझी आहे. आत्ता कोड उघडून बघितला. 'आर' निवडलं की सरळ गुंठ्याचं सूत्र लागतंय. सासऱ्यांच्या बोलण्यात दोन्ही एकच होतं म्हणून मी तसंच लिहून टाकलं होतं. चार वर्षं लोक हे वापरतायत.

जेवण गेलं नाही आज.

-

न्यू जर्सीकर | १८ जुलै, सकाळी ६:५५

माझं 'दोन आठवडे काही करू नका' मागे घेतो. हे आज रात्री दुरुस्त करा, आणि पानाच्या वर चार दिवस नाही, चार महिने ठळक लिहा की अमुक तारखेआधी आरमध्ये आकडा घातला असेल तर पुन्हा मोजा. बाकीची नोंद चालू राहू द्या.

-

घाटवाट | १८ जुलै, सकाळी ९:४०

हाच मुद्दा गडांनाही लागू. पावसाळ्यात जिल्हाधिकारी बंदीचे आदेश काढतात, वाटा ढासळतात. तुमच्याकडे २०१४ चं वर्णन 'धबधब्याच्या उजव्या अंगाने चढा' असं आहे आणि माणूस २०२५ च्या जुलैत ते फोनवर वाचत चढतोय. नवीन काही लिहायला वेळ नसेल तर नका लिहू. प्रत्येक पानावर 'ही भेट अमुक महिन्यातली, अमुक सालची' एवढं तरी टाका. चकलीचं पान जुनं झालं तर चकली मऊ पडते, इथे माणूस पडतो.

-

पावती | १९ जुलै, रात्री ८:२०

हिशेब तपासनीस म्हणून दोन वाक्यं. पगाराबरोबर हे उत्पन्न असेल तर आयकर विवरणपत्राचा आयटीआर-१ हा फॉर्म चालत नाही, तीन किंवा चार नंबरचा लागतो. यंदा मुदत १५ सप्टेंबरपर्यंत वाढली आहे, म्हणजे नेमकी तुमच्या सणाच्या गर्दीत येते, तेव्हा आत्ताच उरका. जाहिरातींचे पैसे परदेशातून येतात त्याचे बँकेचे कागद जपून ठेवा. आणि कंपनीच्या नेमणूकपत्रात जोडधंद्याबद्दल काय लिहिलंय ते एकदा वाचा. बहुतेकांनी सहीच्या दिवशी वाचलेलं नसतं.

-

रात्रपाळी | २९ जुलै, रात्री १०:४०

वही भरली. दोन आठवड्यांत एकूण ११ तास २० मिनिटं. म्हणजे सात तास हीही थापच होती, साडेपाच निघाले. गुंठ्याची दुरुस्ती आणि मोदकाच्या दोन रात्री यात धरलेल्या नाहीत, त्या तुम्ही लावलेल्या कामाच्या. एरवीच्या सवयीने जे झालं ते असं:

थीम, रंग, अक्षरांचे आकार (जुनी लावल्यावरसुद्धा 'जरा बघू' म्हणून): ३ तास १० मिनिटं
गडांवरच्या बातम्या आणि कमेंटमधली भांडणं: २ तास ४० मिनिटं
जाहिरातींची कमाई आणि वाचकांचे आकडे बघणं: २ तास ५ मिनिटं
होमस्टेवाले काका: १ तास ५५ मिनिटं
पाककृती: ५० मिनिटं
कारागिरांच्या यादीतला कचरा काढणं: ४० मिनिटं
गुंठे: शून्य

दोन तास पाच मिनिटांचं सगळ्यात वाईट वाटलं. ते एका बैठकीत नाहीत, चौतीस वेळा उघडलंय. एकदा मुलीच्या शाळेच्या फाटकात.

-

ताकभात | ३० जुलै, दुपारी २:३०

गूगलच्या जाहिरातींचे, म्हणजे ॲडसेन्सचे पैसे शंभर डॉलर भरले तरच निघतात, तेही महिन्याच्या २१ ते २६ तारखेला. मी २७ ला एकदा बघते. दूध उतू जाणार असल्यासारखं रोज काय बघायचं त्यात.

थीमचं मात्र समजू शकते. ते काम गोड असतं. कुणाला उत्तर द्यायचं नसतं, चुकलं तर परत करता येतं, आणि काहीतरी केल्यासारखं वाटतं. मी नऊ वर्षांत सात थीम बदलल्या, वाचक एकीनेही वाढले नाहीत.

-

न्यू जर्सीकर | ३० जुलै, संध्याकाळी ६:१०

होमस्टेचं बघा. दोन आठवड्यांत १ तास ५५ म्हणजे वर्षाला पन्नास तास. १२ हजार भागिले पन्नास, तासाला २४०. शिवाय हे तास तुम्ही निवडलेले नाहीत, फोन येईल तेव्हाचे. तेच महाग पडतं. काकांना नक्की काय हवं असतं?

-

रात्रपाळी | ३० जुलै, रात्री ११:२०

फोटो बदला. खोलीचा दर बदला. 'सुरमई थाळी' वर टाका, मग खाली टाका. एकदा रात्री साडेदहाला, 'आमच्या कुत्र्याचा फोटो टाका, पाहुणे विचारतात.' माणूस फार चांगला आहे, दरवर्षी आंब्याची पेटी येते. त्यामुळे नाही म्हणवत नाही.

-

बेळगावी कुंदा | ३१ जुलै, सकाळी ८:००

पेटी धरून हिशेब परत करा. हापूस असेल तर तासाचा दर बराच चढतो.

-

जुनाट | ३१ जुलै, रात्री ९:३०

काकांना नाही म्हणू नका, काकांना चावी द्या. दर, फोटो आणि थाळी एवढंच बदलता येईल असं खातं काढून द्या. एक रविवार व्हिडिओ कॉलवर शिकवा. त्यांच्या घरात कॉलेजचं कुणीतरी असेलच. आणि नूतनीकरणाच्या वेळी सांगा की यापुढे महिन्यातून एकदा, एकत्र यादी. बहुतेक लोक ऐकतात, त्यांना आजवर कुणी सांगितलेलंच नसतं.

-

सदानकदा | १ ऑगस्ट, सकाळी ७:१५

आणि ती नऊशे रुपयांची यादी? तिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. मयताच्या घरी बसल्यासारखे सगळे गप्प.

-

रात्रपाळी | ३ ऑगस्ट, दुपारी ३:३०

सदानकदा, बरोबर ओळखलंत. तिच्यावर सगळ्यात जास्त घाम गाळलाय. रविवारी स्कूटरवर फिरून एकेका दुकानाचे फोन घेतले होते. आज त्यातल्या वीस नंबरांना फोन लावून बघितला. अकरा बंद किंवा भलत्याचे. एक शिलाई मशीनवाले होते ते गेले, त्यांच्या मुलाने उचलला. म्हणाला, 'अजून महिन्यातून एखादा फोन येतो बाबांसाठी.'

डोमेन नोव्हेंबरात संपतंय. भरणार नाही. तोवर पाटी लावून ठेवतो आणि नंबर काढून टाकतो.

-

घाटवाट | ३ ऑगस्ट, रात्री ९:००

बरं केलंत. गडांचं काय ठरलं?

-

रात्रपाळी | ३ ऑगस्ट, रात्री १०:२५

गड राहणार, पण बातम्या बंद, कमेंट बंद. पानापानावर भेटीचा महिना-साल टाकतोय, रोज पाच पानं, जेवणानंतर फोनवरून होतं. नवीन लिखाण जानेवारीत, तेव्हा पाककृती थंड असतात, जाहिरातींचे दरही उतरलेले असतात. तो वेळ मी माझ्या हौसेचा धरलाय, त्याचा तासाचा दर कुणी काढायचा नाही. न्यू जर्सीकर, तुम्हालाच म्हणतोय.

-

न्यू जर्सीकर | ४ ऑगस्ट, सकाळी ७:४०

काढला होता. पुसून टाकला.

-

रात्रपाळी | ७ सप्टेंबर, दुपारी ४:१०

काल विसर्जन झालं, आज जरा श्वास. धागा वर काढतो, कारण विचारणारे निरोप आलेत.

मोदकाचं पान: फुटलेल्या मोदकांचा फोटो आईने मुद्दाम कोरडी उकड करून काढू दिला, नंतर दिवसभर कुरकुरली की जगाला वाटेल मला येत नाही. त्या पानावर गेल्या वर्षीच्या सणापेक्षा दीडपट वाचक आले. 'उकडीचे मोदक' या शब्दावर अजूनही अकरावाच आहे, ते काही हललं नाही. २६ तारखेला सकाळी एका बाईंची कमेंट आली, 'कळ्या चिरतायत, काय करू?' मी ऑफिसच्या बसमध्ये होतो. आईला फोन करून उत्तर टाकलं.

होमस्टेचे काका स्वतः दर बदलतात आता. एकदा ३५०० च्या जागी ३५० टाकला आणि दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. एक कुटुंब त्या दरात राहून गेलं. काका म्हणाले शब्द दिला म्हणजे दिला. फोन मात्र महिन्यात एकच.

विवरणपत्र भरलं, पावती यांचे आभार. आकडे बघायची सवय अजून पूर्ण गेलेली नाही, पण चौतीसवरून सहा-सातवर आलीय. वही चालू आहे.

गुंठ्यांच्या पानावर तीन चौकोन केले, पोटखराबीवर दोन परिच्छेद लिहिले, जुन्या चुकीची सूचना वर लावली. त्या सूचनेवरून पाच मेल आल्या. चौघांनी धन्यवाद म्हटलं. पाचव्याने लिहिलं की त्याने २०२३ मध्ये माझ्या आकड्यावर भावाला जागा मोजून दिली, आता काय करू. त्याला मोजणी काकांशी बोलून उत्तर दिलं. त्यावर एक अख्खा रविवार गेला आणि तो जायलाच हवा होता.

-

मोजणी | ७ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

तीन चौकोन पाहिले, छान झालं आहे. एक राहिलं. तिसऱ्या चौकोनात चौरस मीटर ९९ च्या पुढे घेऊ देऊ नका. शंभर झाले की तो एक आर होतो, तो मधल्या चौकोनात जायला हवा. आज मी मुद्दाम ४५० घातले, पानाने मुकाट्याने घेतले.

-

रात्रपाळी | ७ सप्टेंबर, रात्री १०:०५

मुलगी झोपली. बसतोच आता.